लाइट-पानी सहित

गेटवर पुठ्ठा लटकवलेला होता. त्यावर निळ्या स्केचपेनने लिहिलेलं : 'एक कमरा, किचन, लेट-बाथ. लाइट-पानी सहित. केवल फॅमिली या लेडीज.' खाली मोबाइल नंबर, आणि नंबरच्या शेजारी तेवढंच मराठीत, 'दुपारी 2 ते 4 फोन करू नये.'

त्या शेवटच्या ओळीवरूनच कळलं की घर कुणाचं असणार. इंदूरच्या राजेंद्र नगरात हे काही नवलाचं नाही. इथे गल्लीगल्लीत दारांवर मराठी आडनावं दिसतात. पण मी ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागातली. होळकरांच्या गावात शिंद्यांच्या मुलीला खोली मिळेल का, असं मामा फोनवर म्हणालाही होता. मामाचे विनोद सगळे 1800 सालच्या आसपासचे असतात.

नोकरी पिथमपूरला, औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात. पिथमपूर धार जिल्ह्यात येतं, पण तिथे काम करणारे बरेचसे इंदुरातच राहतात आणि कंपनीच्या बसने जातात-येतात. आमची बस ए.बी. रोडवर राजेंद्र नगरच्या वळणावर सकाळी 6:50 ला येते आणि कुणासाठी थांबत नाही. म्हणून खोली इथेच, किंवा पुढे राऊच्या बाजूला बघायची होती. तोवर सुदामा नगरमध्ये मावसबहिणीकडे राहत होते. तिच्याकडे दोन खोल्या, दोन मुलं आणि आता मी. तीन आठवड्यांनी तिच्या नवऱ्याने प्रेमाने विचारलं, "मग, कुठपर्यंत आलं शोधकाम?"

पाच जागा पाहिल्या. तीन सांगण्यासारख्या नाहीत. एकीचा मालक 'सिंगल लेडी' म्हटल्यावर दार अर्धं लावूनच बोलला. पाचवी राऊच्या अलीकडच्या एका टाऊनशिपमध्ये होती, नवी कोरी, सहाव्या मजल्यावर. किराया 6,500. ऐकायला स्वस्त. मग दलाल एकेक आकडा असा काढायला लागला जसे जादूगार टोपीतून रुमाल काढतात. मेंटेनन्स 1,100. लाइटबिल वेगळं. दलाली अर्ध्या महिन्याची. "और पानी?" "पानी की कोई दिक्कत नहीं मॅडम," म्हणत त्याने खिडकीतून खाली उभा असलेला टँकर दाखवला. टँकरचे पैसे सगळ्या फ्लॅटांत वाटून घेतात, उन्हाळ्यात थोडे जास्त. थोडे म्हणजे किती, हे त्याला माहीत नव्हतं.

म्हणून पुठ्ठ्यावरचं 'सहित' वाचून मला हायसं वाटलं. 8,500 रुपये, त्यात सगळं. एक आकडा, एक तारीख, विषय संपला. वरच्या मजल्यावरची खोली, जिना बाहेरून, गच्चीला लागून. काका वीज खातं सोडून दुसऱ्याच कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले (हे महत्त्वाचं आहे, कारण पुढे मला उलटीच शंका यायला लागली). काकूंनी पहिल्याच भेटीत पोहे दिले, वर शेव आणि जिरावन. मी ग्वाल्हेरला पोह्यांवर जिरावन कधी खाल्लं नव्हतं. होकार मी बहुतेक त्या बशीलाच दिला.

रात्री मामाला फोन केला. तो कोर्टात बाबू होता, आता निवृत्त.

"करारात काय लिहून घेणार आहेत?"

"लाइट-पाणी सहित."

"सहित म्हणजे किती?"

मी हसले. म्हटलं, सहित म्हणजे सहित, मामा.

कागदपत्रांचं फार सांगत नाही, सगळ्यांना तेच करावं लागतं. करार 11 महिन्यांचा, कारण एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा 1908च्या नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टर करावा लागतो आणि ती दगदग कुणालाच नको असते. ई-स्टॅम्प, नोटरी, दोन साक्षीदार, एक महिन्याचं डिपॉझिट. टायपिस्टने हिंदीत एक ओळ टाकली : 'बिजली एवं पानी का व्यय किराये में सम्मिलित रहेगा.' मग भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देणं. ते काम मालकाचं असतं, पण काका मला बरोबर घेऊन गेले, फायलीत आधार कार्डाच्या प्रती, फोटो, सगळं क्लिप लावून. तिथल्या हवालदाराने फॉर्म वाचून मान वर केली, "ग्वालियर की हैं और मराठी हैं?" काका म्हणाले, "वहाँ भी होते हैं." ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून मला कळलं नाही की ही माझी बाजू घेतली की टोमणा मारला.

1 डिसेंबरला सामान हलवलं.

खोलीत दोन नळ. स्वयंपाकघरातल्या नळाला नर्मदेचं पाणी, न्हाणीघरातल्या नळाला बोरिंगचं. नर्मदेचं पाणी गोड, डाळ दोन शिट्ट्यांत शिजते. बोरिंगच्या पाण्याने चार दिवसांत बादलीला पांढरा थर येतो आणि केसांचा काथ्या होतो. नर्मदा एक दिवसाआड येते, पहाटे, तासभर. ती आधी जमिनीखालच्या हौदात पडते, मग मोटर लावून वरच्या टाकीत चढवायची. शेजारपाजारच्या काही घरांत लोक सरळ महापालिकेच्या लाइनीलाच टिल्लू पंप लावतात. तसं करायला बंदी आहे. काका लावत नाहीत आणि लावणाऱ्यांबद्दल ते जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

पाणी एक दिवसाआड येण्याचं मला काही वाटलं नाही. आम्ही तिघऱ्याच्या पाण्यावर वाढलेली माणसं. ग्वाल्हेरचं ते धरण 1916चं, आणि पाऊस कमी झाला की आमच्याकडेही एक दिवसाआडच. कचऱ्याचा मात्र धडा घ्यावा लागला. ओला वेगळा, सुका वेगळा हे ठाऊक होतं, पण इथे गाडीवरचा माणूस डबा उघडून बघतो, आणि त्याच्या आधी काकू बघतात. 2017 पासून देशात पहिला नंबर असलेलं शहर आहे, तो नंबर माझ्या चहाच्या पिशवीमुळे जाऊ नये असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असे.

डिसेंबरात थंडी. गीझर 15 लिटरचा, 2 किलोवॉटचा. गॅस कनेक्शन अजून माझ्या नावावर नव्हतं, म्हणून इंडक्शनवर चहा, भात, भाजी, सगळं. छोटा फ्रिज बहिणीकडून आणला. दोन आठवड्यांनी काकू कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "काल गीझर जरा जास्त वेळ चालू राहिला का गं?" राहिला होता. मी विसरले होते. पण ह्यांना कसं कळलं? गीझरचा लाल दिवा माझ्या न्हाणीघरात आहे, काकूंच्या नाही.

उत्तर गेटजवळ होतं. मीटरची पेटी तिथे आहे. रोज दिवेलागणीला काका हातात टॉर्च घेऊन गेटपाशी जात. मला वाटायचं, कुलूप बघतात. एकदा बसला उशीर झाला, मी नेमकी त्याच वेळी आत शिरले. काका पेटीच्या काचेवर टॉर्च धरून आकडा वाचत होते आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहीत होते. मीटर स्मार्ट आहे, कंपनीच्या ॲपवर सगळं दिसतं. पण काकांचा विश्वास वहीवर.

जानेवारीचं बिल आलं ते संक्रांतीच्या दोन दिवस आधी. काकूंनी तिळाचे लाडू वर आणून दिले, आणि त्यांच्या मागोमाग जिन्यावर काका, हातात बिल आणि ती वही. 163 युनिट.

"तुला शंभर युनिटांची योजना ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

नीट ठाऊक नव्हती. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत असेल तर पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपयेच लागतात. बाकीचे वरचे नेहमीच्या दराने. पण 150ची रेघ ओलांडली की सवलत तेवढ्या वरच्या युनिटांपुरती जात नाही, पुरीच जाते. पहिल्या युनिटापासून पूर्ण दर, शिवाय स्थिर आकार वाढतो. काकांचं बिल एरवी अडीचशे-तीनशेचं असे. हे आलं होतं 1,200च्या वर.

वहीत मागच्या सगळ्या महिन्यांचे आकडे होते. 112. 119. 124. 108. माझ्या आधी एक विद्यार्थिनी राहायची. दिवसभर कॉलेजात आणि लायब्ररीत, दर पंधरवड्याला खरगोनला घरी. तिचा वापर तीस-पस्तीस युनिट. 'लाइट-पानी सहित' हे तिच्याकडे बघून लिहिलेलं होतं.

मी थकलेली होते, आणि खरं सांगायचं तर मला रागच आला. म्हटलं, "काका, करारात सम्मिलित लिहिलंय."

ते थोडं थांबले. "हो. लिहिलंय." वही मिटली आणि खाली गेले.

त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. लाडू तसेच राहिले वाटीत. मामाला फोन केला. तो खुशीत आला, अशा गोष्टींची तो वाटच बघत असतो. म्हणाला, "1961चा स्थान नियंत्रण कायदा आहे आपल्याकडे. मालकाला लाइट-पाणी तोडता येत नाही. तू बिनधास्त राहा." मी म्हटलं, तोडायचं नावही कुणी काढलेलं नाही. "मग फोन कशाला केलास?"

ते मलाही सांगता येईना. रात्री कागद घेऊन बसले. शेजारच्या बंगल्यात अगदी अशीच खोली लाइटशिवाय 7,500ला गेली होती. म्हणजे माझ्या 8,500 मधले 1,000 लाइट-पाण्याचे. आणि बिल वाढलं होतं साधारण साडेनऊशेने. हिशेबाने काका तोट्यात नव्हतेच. पन्नास रुपये उरलेच असतील. मग त्यांचं गेलं काय होतं? ती वही बघितलेली नसती तर मला हे कळलं नसतं. ते गेली कित्येक वर्षं त्या 150च्या आत राहत होते, दर महिन्याला. पंखा कोणता, बल्ब कोणता, इस्त्री आठवड्यातून कोणत्या दिवशी. निवृत्त माणसाने बुद्धिबळ खेळावं तसं. आणि मी इंडक्शनवर चार वेळा चहा करून पट उधळून दिला होता.

हे मी त्यांची बाजू घेऊन लिहीत नाहीये. दुसऱ्याच्या मीटरवर राहणं म्हणजे काय ते मला त्या महिन्यात कळलं. आपण दिवा लावला की खाली कुणीतरी मनात आकडा मिळवतो. रात्री उशिरा लॅपटॉपवर काम करताना मी ट्यूबलाइट बंद करून बसायला लागले होते, आणि मला कुणीही तसं सांगितलेलं नव्हतं. वेगळं बिल आलं असतं तर मी दीड हजाराचं भरलं असतं आणि मोकळेपणाने भरलं असतं.

रविवारी महाराणी रोडला गेले आणि एक सबमीटर घेऊन आले, 850 रुपयांचा. खाली जाऊन काकांच्या टेबलावर ठेवला. ते बराच वेळ खोका उलटापालटा करून वाचत राहिले. मग म्हणाले, "अर्धे मी देणार." इलेक्ट्रिशियनचे 300 धरून 575 त्यांनी तिथल्या तिथे मोजून दिले.

नवी बोली ठरली. माझे 55 युनिट किरायात. त्याच्या वर जे जळतील ते बिलाच्या सरासरी दराने मी द्यायचे. मी लहान सिलिंडर घेतला, इंडक्शन कपाटात ठेवलं. गीझर पहाटे वीस मिनिटं. फेब्रुवारीत दोघांचे मिळून 141. काकूंनी त्या दिवशी शिरा केला होता, योगायोगानेच असेल.

पण ह्या बोलीत एक भोक होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. समजा माझे 60 झाले आणि त्यांचे 91, तर एकूण 151. एका युनिटासाठी सातआठशे रुपयांचा फटका. तो कुणाच्या युनिटाचा? माझे पाच जास्त म्हणून माझा, की त्यांचे 91 हे एरवीच्या 85 पेक्षा जास्त म्हणून त्यांचा? एका संध्याकाळी जिन्यात बसून आम्ही ह्यावर तासभर बोललो. मी कारखान्यात बॅच बाद करताना ज्या थंडपणे बोलते त्याच थंडपणे. निकाल लागला नाही. लागला एवढाच की रीडिंगच्या तारखेआधीच्या चार दिवसांत दोन्ही मजल्यांवर अंधार पडायला लागला. मी फोन कंपनीत चार्ज करून आणायचे. काका बातम्या शेजाऱ्यांकडे बघायचे.

मार्चमध्ये तो प्रसंग आलाच. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला काकांची मुलगी, जावई आणि दोन नातवंडं पुण्याहून आली. राजवाड्यावर रंगाचे टँकर, मिसाईलसारखे उडणारे फवारे, ते सगळं झालं, आणि पाच दिवस घरात वॉशिंग मशीन फिरत राहिलं. महिनाअखेर 158. माझे 51. मी वरून कान देऊन होते. काका जिना चढून आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "या वेळी आमच्याकडून झालं." जणू मीच मालकीण. मला काय बोलावं सुचेना, मी त्यांना चहा विचारला. गॅसवर केला.

एप्रिलपासून कूलर. इंदूरचा उन्हाळा ग्वाल्हेरच्या मानाने काहीच नाही, रात्री तर माळव्याची हवा उतरतेच. आमच्याकडे 45 सहज होतात आणि लू चालते. पण वरच्या मजल्याची गच्ची दिवसभर तापलेली असते. कूलर रात्रभर म्हणजे माझे दीड युनिट, खाली त्यांचाही एक. 150 अशक्य. काकांनी 5 एप्रिलला वही माझ्यासमोर उघडली आणि पुढच्या तीन महिन्यांवर आडवी रेघ ओढली. "जूनपर्यंत सोडून देऊ. तू सबमीटरप्रमाणे तुझे दे." त्या उन्हाळ्यात त्यांनी अनेक वर्षांनी पहिल्यांदा दुपारीही कूलर लावला, असं काकूंनी मला हळूच सांगितलं. दोन ते चार.

लाइटचं मिटलं आणि पाण्याचं निघालं. कूलर पाणी पितो. त्यात बोरिंगचंच घालायचं, नर्मदा नाही, हा ह्या घराचा नियम. मे महिन्यात बोरिंग दम खायला लागलं, मोटर चालू केली की आधी हवाच. एका रात्री बारा वाजता बोरिंगच्या नळाला धार नाही, कूलर कोरडा, अंगाची काहिली. मी स्वयंपाकघरातल्या नळाखाली बादली लावली. दोन बादल्या नर्मदा कूलरमध्ये ओतली. गच्चीवर काकू अंथरूण घालून झोपल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले, बघितलं, कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही. संध्याकाळी मात्र काकांनी मला 1970ची गोष्ट सांगितली. ते शाळेत होते. इंदूर तेव्हा यशवंत सागरच्या पाण्यावर होतं आणि पुरत नव्हतं. नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून पोरं रस्त्यावर उतरली होती, काका घरातून चोरून मोर्च्यात गेले आणि वडिलांचा मार खाल्ला. पाणी आलं 1978 साली, सुमारे 70 किलोमीटर लांबून, जलूदहून, घाट चढवून. "पहिल्यांदा नळाला आलं तेव्हा आईने त्याची पूजा केली होती," ते म्हणाले. एवढंच. कूलरचं नावही काढलं नाही. मी वर गेले आणि कूलरला चादर ओली करून लावली.

जूनमध्ये काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकायचं नाही, धूळ नको. मोटर मी लावायला लागले. पहाटे साडेपाचला हौदावरची लोखंडी झाकणी सरकवायची, पाणी कुठवर चढलं बघायचं, मोटर, मग वरच्या टाकीच्या सांडव्याकडे कान. टाकी भरल्याचा आवाज वेगळा असतो, तो ओळखायला चार खेपा लागल्या. दिवेलागणीला गेटवर टॉर्च घेऊनही मीच जायचे, आकडा मोठ्याने वाचायचे आणि काका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ओट्यावरून विचारायचे, "दशांश?"

ऑक्टोबरअखेर अकरा महिने भरले. किराया 300ने वाढला, त्यात घासाघीस केली नाही. नोटरीकडे परत आम्ही दोघं. त्याच टायपिस्टने जुनी फाइल उघडली, तारखा बदलल्या, प्रिंट द्यायला निघाला. मी म्हटलं, थांबा, ती बिजली-पानीची ओळ बदलायची आहे. मामाने तीन दिवस खपून फोनवर मजकूर सांगितला होता, तो कागद मी पर्समधून काढला. टायपिस्ट टाइप करत गेला. बिजली 55 युनिट प्रतिमाह तक सम्मिलित. अप्रैल से जून, सबमीटर के अनुसार. 150 युनिट से अधिक होने पर अंतर की राशि उस पक्ष की, जिसकी खपत गत वर्ष उसी माह से अधिक हो. पाचव्या ओळीला त्याची बोटं थांबली.

"कूलर में नर्मदा का पानी नहीं डाला जायेगा. ये भी लिखना है?"

मी काकांकडे बघितलं. काका चष्मा पुसत होते, नवा.

"लिखो," ते म्हणाले. "इसी ने लिखवाया है."